चंद्रावरच्या शेताचा सातबारा

शहापूर-मुरबाडच्या मुलांना चवळी म्हणजे काय ते सांगायला नको. भात कापून झालं की जमिनीत जी ओल उरते, तिच्या जिवावर वाल, हरभरा, चवळी टाकायची. कोवळ्या शेंगा भाजीला, जून झालेल्या वाळवून दाण्यांना. तर याच चवळीचे आठ दाणे ३० डिसेंबर २०२४ च्या रात्री श्रीहरिकोट्याहून रॉकेटमध्ये बसून अंतराळात गेले. चार दिवसांत त्यांना कोंब फुटले आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत पानंही आली.

हे कसं जमवलं ते आधी बघू, कारण गंमत तिथेच आहे. पीएसएलव्ही-सी६० हे ते रॉकेट. त्याचं खरं काम स्पेडेक्स या मोहिमेचे दोन उपग्रह सोडण्याचं होतं. ते झालं की रॉकेटचा शेवटचा, चौथा टप्पा एरवी रिकामाच पृथ्वीभोवती फिरत राहतो. इस्रोने म्हटलं, रिकामा कशाला फिरतोस, काहीतरी काम कर! त्याचीच छोटी प्रयोगशाळा केली, तिचं नाव ‘पोएम-४’. जमिनीपासून ३५० किलोमीटर उंचीवर, २४ प्रयोग पोटात घेऊन ती फिरत होती. त्यातला एक होता ‘क्रॉप्स’, म्हणजे तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने बनवलेला, चारही बाजूंनी बंद असा डबा. त्यात भरपूर छिद्रांची माती, तिच्यात आधीच मिसळलेलं हळूहळू सुटणारं खत, सूर्याच्या जागी एलईडी दिवे आणि नजर ठेवायला कॅमेरा. वर पोचल्यावर खालून हुकूम सुटला आणि टाकीतलं पाणी मातीत गेलं.

पाणी घालणं यात काय अवघड, असं वाटेल. पण तिथे पाणी खाली झिरपत नाही, कारण तिथे ‘खाली’ असं काही नसतंच. पाण्याचा गोळा मुळाला चिकटून बसला तर मूळ गुदमरून मरतं. मुळाचीही पंचाईत होते. आपल्याकडे मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींमध्ये पिठाचे, म्हणजे स्टार्चचे बारीक कण असतात. ते वजनाने तळाशी बसतात, त्यावरून मुळाला कळतं की जमीन इकडे आहे. अंतराळात हे कण नुसते तरंगत राहतात. मग बिचारं मूळ पाणी कुठे, उजेड कुठे, यावरून वाट शोधतं.

त्याच पोएम-४ वर आपल्या पनवेलजवळच्या अॅमिटी विद्यापीठाचाही एक प्रयोग होता. तो पालकाचा. पण पालकाची जुडी नव्हती बरं का, पालकाच्या पेशींचा एक गोळा होता, ज्याला अजून पान व्हायचं की मूळ हेही ठरलेलं नव्हतं. तसाच एक गोळा इथे जमिनीवर ठेवून दोघांची तुलना करायची होती.

आता आपले प्रश्न. कोंब कसा आला, हे शास्त्रज्ञांनी विचारून झालंय. आपण वेगळंच विचारू. ती चवळी कुणाची होती? उद्या चंद्रावर कुणी शेत केलं तर ते शेत कुणाचं? आणि मुरबाडचा वाल तिकडे गेला आणि बदलून परत आला, तर तो वाल कुणाचा?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. १९६७ मध्ये जगातल्या देशांनी मिळून एक बाह्य अवकाश करार केला. भारताने त्याच वर्षी त्यावर सही केली आणि १९८२ मध्ये तो पक्का केला. त्यात म्हटलंय की ज्या देशाने वस्तू आपल्या दफ्तरी नोंदवून अंतराळात सोडली, तिच्यावर त्याच देशाचा ताबा. वस्तू वर असो की परत खाली येवो, मालक बदलत नाही. म्हणजे डबा भारताचा, त्यातली चवळीही भारताचीच.

पण वर गेलेलं खाली येतंच. २०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलच्या संध्याकाळी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात आभाळातून एक भलंमोठं धातूचं कडं येऊन पडलं. जवळजवळ तीन मीटर व्यासाचं! आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचे ते तुकडे असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. असं काही आपल्या शेतात पडलं तर भंगारवाल्याला देऊन चार पैसे करावेत, असा विचार ज्याच्या मनात आला त्याने तो लगेच काढून टाकावा. १९६८ चा एक करार सांगतो की ज्याची वस्तू, त्याने मागितली तर परत द्यायची. आणि १९७२ चा दुसरा करार सांगतो की तिने तुमच्या गोठ्याचं छप्पर मोडलं, तर ज्या देशाने ती सोडली त्याने भरपाई द्यायची. चूक कुणाची हा वादच घालायचा नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस-९५४ हा उपग्रह कॅनडात पडला, तेव्हा सोव्हिएत सरकारला खरोखरच तीस लाख कॅनेडियन डॉलर मोजावे लागले होते.

आपला पोएम-४ मात्र गुणाचा. ४ एप्रिल २०२५ ला तो वातावरणात शिरून जळाला आणि हिंद महासागरावर संपला. चवळीचं रोप दोन पानांचं होईपर्यंतच वाढवायचं, असं आधीपासून ठरलेलं होतं.

जून २०२५ मध्ये भारताचे अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांनी मूग आणि मेथी रुजवली. तिथला कायदा आणखी मजेशीर आहे. ते स्थानक अनेक देशांनी मिळून बांधलंय, आणि १९९८ च्या करारानुसार ज्याचा कक्ष, त्याचा कायदा. अमेरिकेच्या कक्षात शोध लागला तर तो अमेरिकेच्या भूमीवर लागला असं धरायचं. तिथून तरंगत जपानच्या कक्षात गेलात की तिथे लागलेला शोध कायद्याने जपानातला. भारत त्या करारात नाही. म्हणून आपल्या प्रयोगातून जे निघेल त्यावर हक्क कुणाचा, हे जायच्या आधीच कागदावर लिहून घ्यावं लागतं. मेथीची जुडी घेताना कुणी एवढं लिहून घेत नाही!

आता शेताचा प्रश्न. इथे शहापूर-मुरबाडची मुलं हटकून चुकणार, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. कारण आपल्याकडे जमीन कसली की तिच्यावर हक्क सांगता येतो, हे तुम्ही घरात ऐकत आलायत. आजोबा-पणजोबांच्या तोंडी कूळकायद्याच्या गोष्टी असतात. १ एप्रिल १९५७ ला, ज्याला कृषक दिन म्हणतात, कितीतरी कुळं कसत असलेल्या जमिनीची मालक झाली. तुमच्या वर्गातल्या काही ठाकूर, कातकरी, महादेव कोळी मुलांच्या घरी वनपट्ट्याचा कागदही असेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने सांगितलं की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तुम्ही जंगलातली जमीन कसत असाल, तर ती तुमच्या नावावर होऊ शकते. ती कसत होतो हे पटवायला किती कागद आणि किती म्हाताऱ्यांची साक्ष गोळा करावी लागली, ते घरी विचारा. गावसभा भरते, जमीन मोजली जाते, बांधावरच्या जुन्या आंब्याचं वय काढलं जातं.

मग चंद्रावर जाऊन कुणी दहा वर्षं शेती केली, तर जमीन त्याची का नाही?

नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश करारातलं दुसरं कलम याच जागी आडवं येतं. चंद्र आणि इतर ग्रहगोल कुठल्याही देशाला आपले करता येणार नाहीत, नुसता हक्क सांगून नाही, वापरून नाही, ताबा ठेवून नाही, आणखी कुठल्याही मार्गाने नाही. वापरून आणि ताबा ठेवून, हे मुद्दाम लिहिलंय. म्हणजे आपल्याकडे गरिबाला ज्या वाटेने जमीन मिळाली, तीच वाट तिथे बंद केलीय. मला आधी हे अन्यायाचं वाटलं. पण विचार करा, चंद्रावर आधी पोचणार कोण? ज्याच्याकडे रॉकेट आहे तो. कूळ नव्हे, खोतच. ‘कसेल त्याची जमीन’ हा नियम इथे दुबळ्याच्या बाजूचा आहे, तिथे तो दांडग्याच्या बाजूचा झाला असता. म्हणून चंद्रावर तलाठी नाही, फेरफार नाही आणि ई-पीक पाहणीसाठी मोबाईलवर फोटो काढायचा घोरही नाही. अमेरिकेतल्या एका माणसाने १९८० पासून चंद्रावरचे प्लॉट विकायचा धंदा मांडलाय. करारात देशांना मनाई आहे, माणसांना कुठे, असं त्याचं म्हणणं. पण त्याच कराराचं सहावं कलम सांगतं की आपल्या माणसांच्या अंतराळातल्या उद्योगांची जबाबदारी त्या त्या देशाची. वाढदिवसाला कुणी तुम्हाला चंद्रावरचा प्लॉट दिला, तर तो कागद चौकट करून भिंतीवर लावा. त्याचा तेवढाच उपयोग.

बरं, जमीन नाही तर नाही. पीक तरी माझं का? इथे मोठी माणसं अजून भांडतायत. माहुलीच्या जंगलातलं करवंदीचं जाळं तुमचं नसतं, पण टोपलीत आलेली करवंदं तुमची असतात. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस समझोत्याचं म्हणणं साधारण तसंच आहे: चंद्रावरचं पाणी, खनिज काढून वापरलं म्हणजे चंद्र बळकावला असं होत नाही. भारताने त्यावर २१ जून २०२३ ला सही केली. रशिया आणि चीन त्यात नाहीत. त्या समझोत्यात आणखी एक गोष्ट आहे. आपण काम करतो त्या जागेभोवती ‘सुरक्षा क्षेत्र’ आखता येतं, म्हणजे दुसऱ्याने येताना आधी कळवायचं. दुसऱ्याचं यान उतरताना धुळीचा असा मारा होतो की आपलं हरितगृह फाटून जाईल, त्यामुळे कारण खरं आहे. पण बांध कसा सरकतो हे गावातल्या मुलांना शिकवायला नको. आज सुरक्षेसाठी आखलेली रेघ उद्या कुंपण होऊ नये, यावर कुणीतरी डोळा ठेवायला हवा.

आता जरा वेगळं. चंद्रावर बी न्यावं का, हाच प्रश्न. चीनच्या चांग-ई ४ यानाने जानेवारी २०१९ मध्ये ते नेलं. चंद्राच्या आपल्याला कधीच न दिसणाऱ्या बाजूला, बंद डब्यात कापसाला कोंब फुटला. मग तिथली रात्र झाली. ती आपल्या चौदा दिवसांएवढी लांब असते आणि थंडी उणे दीडशे अंशांच्याही खाली जाते. कोंब गेला. पण डबा बंद होता, म्हणून चंद्राला काही लागलं नाही. त्याच वर्षी ११ एप्रिलला इस्रायलचं बेरेशीट यान उतरताना कोसळलं. त्याच्यात वाळवून झोपवलेले हजारो जलअस्वल नावाचे सूक्ष्म जीव होते, आणि ही गोष्ट जगाला कळली ती यान कोसळल्यावर! बाह्य अवकाश कराराचं नववं कलम सांगतं की दुसऱ्या ग्रहगोलांवर घातक घाण होईल असं काही करू नका. चंद्रावर हे जीव वाढणार नाहीत हे खरं, पण न सांगता नेलं हे मला तरी आवडलेलं नाही.

एवढं कशाला जपायचं, असं ज्याला वाटतं त्याने माळशेजच्या वाटेवर नजर टाकावी. ती लाल-पिवळ्या फुलांची, उग्र वासाची घाणेरी दिसते ना? अमेरिका खंडातून कुणीतरी बागेत शोभेला म्हणून ती आणली. बागेत ती राहिली नाही, सह्याद्रीभर पसरली. मंगळावर कधीकाळी जीव होते का, हे आपल्याला अजून शोधायचंय. तिथे आपलंच बी सांडून ठेवलं आणि पुढे काही हिरवं सापडलं, तर ते मंगळाचं की आपलं, हे ठरवणार कसं? म्हणून मंगळावर उतरणाऱ्या यानांची स्वच्छता अगदी कडक असते. माझं मत विचाराल तर बंद डब्यात खुशाल न्यावं, उघड्यावर एक दाणाही पडू देऊ नये.

चंद्राची मातीसुद्धा जपून वापरतात. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी अपोलो मोहिमांत आणलेल्या खऱ्या चंद्रमातीत मोहरीच्या कुळातलं एक छोटं रोप वाढवलं. २०२२ मध्ये ही बातमी आली. ती माती मिळावी म्हणून त्यांनी अकरा वर्षांत तीनदा अर्ज केला, आणि मिळाली किती, तर सगळी मिळून बारा ग्रॅम. रोपामागे एक ग्रॅम. रोपं उगवली, पण खुरटी राहिली. चंद्राची माती म्हणजे काचेसारखे धारदार कण, त्यात कुजलेलं पान नाही की गांडूळ नाही.

आणि एक प्रश्न शहापूरची मुलं विचारल्याशिवाय राहणार नाहीत. तानसा आमची, भातसा आमची, पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमचे पाडे टँकरची वाट बघतात. तेव्हा चंद्रावर भाजी पिकवायला पैसे कशाला? या प्रश्नाला उडवून लावणारी माणसं मला आवडत नाहीत. अंतराळ स्थानकावर घाम आणि लघवीसकट ९८ टक्के पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात, ही विद्या उपयोगाची आहे. पण ती शिकलो म्हणून पाड्यावरचा हंडा आपोआप भरणार नाही. तो न भरण्याचं कारण विज्ञान कमी पडलं हे नाहीच. पाणी आधी कुणाला द्यायचं हे ठरवणं हे माणसांचं काम आहे, आणि ते चवळीचे आठ दाणे जमिनीवरच राहिले असते तरी झालं नसतं.

राहिला वालाचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यात जवळचा. समजा, मुरबाडकडच्या धसईत एका आजीकडे वालाचं बी आहे. राखेत घोळून, मडक्यात भरून, वर कडुलिंबाचा पाला ठेवून तिने ते जपलंय. तिच्या सासूनेही तसंच जपलं होतं. एखाद्या कंपनीने ते मूठभर मागून नेलं आणि अंतराळात पाठवलं. तिथे अवकाशातल्या किरणांचा मारा होतो, त्याने बियांच्या आतल्या गुणसूत्रांत बदल होतात. बहुतेक बदल निरुपयोगी, काही वाईट, आणि हजारांत एखादा कामाचा. चीन १९८७ पासून असं बी पाठवतोय, परत आणून पेरतोय, चांगलं निघालं ते वेचतोय. लुयुआन-५०२ नावाचा गहू अशाच वाटेने आला आणि तिकडे लाखो एकरांवर पेरला जातो. तर आजीच्या वालातला एक दाणा असाच बदलून आला, त्याला दुप्पट शेंगा लागल्या आणि कंपनीने म्हटलं, हे वाण आमचं. मग?

अंतराळाच्या करारात याचं उत्तर नाही. तिथे यान आहे, वस्तू आहे, भरपाई आहे. बी हा विषयच नाही. उत्तर खाली, जमिनीवरच्या कायद्यांत शोधावं लागतं. आपल्या पेटंट कायद्यात बियाण्याला पेटंट मिळत नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा आणि विकायचाही हक्क आहे. फक्त कंपनीच्या नावाने, तिचा शिक्का मारून विकता येत नाही. शेतकऱ्याने जपलेलं वाण त्याच्या नावाने नोंदवता येतं, आणि नव्या वाणाचा मालक म्हणवणाऱ्याला मूळ बी कुठून घेतलं ते सांगावं लागतं, फायद्यातला वाटाही द्यावा लागू शकतो. २००२ चा जैवविविधता कायदा म्हणतो की परदेशी कंपनीने आपलं बी संशोधनाला नेण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी घ्यायची.

कायदे चांगले आहेत. मेख इतकीच की बी आजीचं होतं, हे सिद्ध कसं करायचं?

हळदीची गोष्ट ऐका. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळालं: जखम भरायला हळद वापरणे. इथे गुडघा फुटला की आई आधी हळद दाबते! आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याविरुद्ध दाद मागितली. परिषदेचे प्रमुख होते गोव्याच्या माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर. तिकडच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातली तोंडी माहिती पुरावा म्हणून चालत नसे, छापील लागे. आई, आजी, सगळी आळी म्हणतेय, हे उत्तर तिथे चाललं नसतं. म्हणून जुने ग्रंथ काढले, १९५३ मधला एका वैद्यकीय नियतकालिकातला लेखही सापडला, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. हळद लिहिलेली होती म्हणून सुटली. धसईच्या वालाबद्दल कुणी कुठे काय लिहिलंय?

त्यासाठीच एक वही असते. जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत एक जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी अशा नोंदवह्यांसाठी खूप खटपट केली. गावातली झाडं, मासे, गुरं, रानभाज्या, बियाणी आणि त्यांच्याबद्दल लोकांना काय ठाऊक आहे, हे सगळं तिच्यात यायला हवं. सह्याद्री ओलांडून पलीकडे अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना पद्मश्री मिळाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, पण कुठलं बी कशाला चालतं हे त्यांना तोंडपाठ आहे.

तुमच्या ग्रामपंचायतीतली ती वही पाहायला मागा. नुसतं ‘वाल’ असं एका शब्दात लिहून मोकळे झाले असतील, तर ती नोंद काही कामाची नाही. कुठला वाल? दाणा पांढरा की तांबूस, भात निघाल्यावर किती दिवसांनी टाकतात, किती ओल लागते, कडवा किती, कुठल्या पाड्यावर कुणी जपलाय, राखेत का घोळतात? हे आजीला विचारा आणि तिच्या शब्दांत उतरवून समितीकडे द्या. आजी म्हणेलच, “काय रं, एवढं कशापायी इचारतोस?” सांगा, तुझा वाल चंद्रावर गेला तर कागद तयार असावा म्हणून. ती हसेल. हसू दे, पण बी कोणत्या महिन्यात काढलं ते विचारून घ्या, तारीख घाला आणि तिचा अंगठा किंवा सही घ्यायला विसरू नका.